शनिवारी नऊ, सोमवारी नऊ

कोन्सुएलो, ९ जून १९९१

माझ्या काळ्या,

मुलगा झाला. तुझ्या बेसबॉलच्या क्लबात फोन करून निरोप ठेवला होता, पण तिकडून उचलणारा माणूस आपली भाषा बोलत नव्हता. काय कळलं असेल त्याला देव जाणे. म्हणून पुन्हा लिहिते. मुलगा झाला, आणि आम्ही दोघं जिवंत आहोत. तू म्हणाला होतास तसं नाव ठेवलं, विल्मेर.

फोन मला जमत नाही. मागे रांग असते, लोक ऐकत असतात आणि मला रडूच येतं. चौथीपर्यंतच शिकले तरी लिहिलेलं बरं पडतं.

मला भीती वाटते एलिहिओ. खूप रडला की पोराचे ओठ निळे पडतात. बायका म्हणतात काही नसतं गं, सगळ्यांचे पडतात. मला काय माहीत, मी कुठे आधी आई झाले होते? झोपला की नाकापाशी बोट धरून बघते.

आणि दार उघडलं की समोर ग्रेगोरिया. तिच्या नवऱ्याला क्लबाने काढलं, घरी यायचं विमानाचं तिकीट हातात दिलं, आणि तो विमानात बसलाच नाही. लाजेने न्यूयॉर्कात शिरला तो शिरलाच. त्याची पोरगी आता शाळेत जाते, बाप तिला फोटोतला माहीत आहे.

मला एक वचन दे. मोठ्या क्लबात गेलास तरी ऑक्टोबरात घरी ये, आणि काढलं तरी घरी ये. मला दुसरं काही नको.

कोपऱ्यावरचे सिप्रियान काका दुकानाच्या भिंतीवर खडूने तुझं नाव लिहून ठेवतात. तू जिंकलास की पुढे एक रेघ. डोमिनो खेळणारे म्हातारे मला रोज छळतात. "काय गं डावऱ्याच्या बायको, आज किती जणांना घरी धाडलं आमच्या डावऱ्याने?" मी म्हणते, "तुम्हीच जा की घरी, बायका वाट बघतायत." मग हसतात.

तुझी न्युर्का


३० जून १९९१

माझी बाई,

निरोप पोचला. तो फोनवाला धावत मैदानात आला आणि हातांनी पाळणा करून दाखवला. सगळे माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. मी म्हटलं, मुलगा की मुलगी? त्याला कळेना. शेवटी त्याने भर मैदानात कुठे बोट दाखवलं ते तुला लिहीत नाही.

त्याच दिवशी खेळलो. सहा डाव टाकले, एकाला पळू दिलं नाही. काकांना सांग, आणखी एक रेघ मारा.

इथे जेवणाचा मला एकच शब्द येतो, कोंबडी. सकाळी कोंबडी, दुपारी कोंबडी. एका मित्राने माशाचा शब्द शिकवला. तो बोललो तर वाढणारी बाई हसली आणि पुन्हा कोंबडीच घेऊन आली.

आता नीट वाच. पोराचा उजवा हात फडक्याने अंगाला बांधून ठेव. घट्ट नको, पण बांध. डाव्या हातात चेंडू दे. उजवी पोरं गल्लोगल्ली पडलीत, डावरा लागतो सगळ्यांना. मला बाबाने असंच बांधलं होतं, म्हणून मी इथे आहे.

ऑक्टोबरात येतो म्हणजे येतो. ग्रेगोरियाचा नवरा वेगळा, मी वेगळा. तू घाबरू नकोस. घाबरलीस की मला इथे कळतं आणि चेंडू सरळ जात नाही.

तुझा एलिहिओ


कोन्सुएलो, २१ जुलै १९९१

काळ्या,

ओठ निळे पडायचे थांबले. डॉक्टर म्हणाला तुमचा पोरगा रागीट आहे, दुसरं काही नाही. मी म्हटलं, बापावर गेला.

हात बांधला होता. पहिल्या दिवशी इतका ओरडला की गल्ली गोळा झाली. ग्रेगोरिया म्हणाली, "सोड गं ते फडकं, आत्तापासून कामाला लावतेस होय त्याला?" मी सोडलं. रागावू नकोस. दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्याने माझा कान धरला तो सोडेचना. कुठल्या हाताने धरला ते मी बघितलं नाही.

तुझ्या कोपराचं काय? गेल्या वेळी तू कोपराचं काहीच लिहिलं नाहीस. मार्चमध्ये जाताना तू बॅग उजव्या हातात घेतली होतीस. मी बघितलं होतं. इथे असतास तर बे रमचा अर्क लावून चोळून दिला असता. दुखत असलं तर सांगून टाक त्या लोकांना, ते काय खातील का तुला?

गल्लीत सगळे विचारतात. उत्तर लवकर लिही.

न्युर्का


१२ ऑगस्ट १९९१

माझी बाई,

पत्राला उशीर झाला, आम्ही फिरतीवर होतो. आता क्लब सारखा फिरतच राहणार, म्हणून यापुढे पत्र न्यूयॉर्कला फ्रेदेसविंदा आत्याच्या पत्त्यावर टाक. ती मला पोचवते. क्लबाच्या पत्त्यावर टाकू नकोस, तिकडे हरवतात.

कोपर एकदम बरं आहे. इतकं बरं की काय सांगू. शनिवारी नऊच्या नऊ डाव मीच टाकले, जिंकलो. सोमवारी पुन्हा नऊ डाव टाकले, पुन्हा जिंकलो. सतरा जण चेंडूला बॅट न लावता परत गेले. मॅनेजर म्हणाला, असा पोरगा त्याने बघितला नाही. पुढच्या वर्षी वर नेतील बहुतेक.

काकांना सांग, दोन रेघा.

पोराचं फडकं सोडलंस ते बरं केलंस. राहू दे त्याला मोकळा.

एलिहिओ


कोन्सुएलो, १ सप्टेंबर १९९१

एलिहिओ,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे ऐकत होते, काका खडू घेऊन उभे. मी शनिवारचं वाचलं, त्यांनी रेघ मारली. सोमवारचं वाचलं तर त्यांचा हात तिथेच थांबला.

म्हणाले, "पोरी, परत वाच. शनिवारी नऊ?"

मी म्हटलं, "शनिवारी नऊ, सोमवारी नऊ."

डोमिनो थांबला. मग काका म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे. खांदा तरुण आहे त्याचा." आणि दुसरी रेघ मारली, पण इतकी हलकी की खडू भिंतीला लागला की नाही कळेना.

काका साखर कारखान्याच्या क्लबात वीस वर्षं बॅटच्या मागे बसून चेंडू झेलायचे हे तुला माहीत आहे. मी त्यांना विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, पोराला ऊन लागतंय, घरी जा.

तेव्हापासून मला कोणी छळत नाही एलिहिओ. म्हातारे मला बघून खुर्ची देतात. काल काकांनी पोरासाठी दूध दिलं आणि पिशवीत चॉकलेट टाकलं. ग्रेगोरियाने भात आणि घेवड्याची आमटी करून आणली. का म्हणून? मी आजारी नाही, घरात कोणी गेलेलं नाही. आधी टोमणे मारायचे तेव्हा मला झोप लागायची. आता सगळे चांगले वागतात आणि मला धडकी भरते.

खरं काय ते लिही. मी रडणार नाही. रडले तरी तुला कुठे ऐकू येणार आहे.

न्युर्का


कोन्सुएलो, २९ सप्टेंबर १९९१

फ्रेदेसविंदा आत्याबाई,

तुम्ही मला फक्त लग्नाच्या फोटोत बघितलंय, तरी लिहिते. एलिहिओचं पत्र नाही. बाकी क्लबांतली पोरं घरी आली, मोटरसायकलवरून फिरतायत. त्यातल्या एकाला मी विचारलं तर तो चपलेकडे बघायला लागला.

तो तुमच्याकडे आहे का? एवढंच सांगा. मेला नाही ना एवढंच सांगा. बाकी मी सहन करीन.

तुमची सून,
न्युर्का


न्यूयॉर्क, ११ ऑक्टोबर १९९१

पोरी,

माझ्या सोफ्यावर आहे तो. ऑगस्टपासून.

माझ्याकडून शपथ घेतली होती. शपथ मोडायचं पाप माझ्या डोक्यावर, मी बघून घेईन. तुझी पत्रं मी त्याला देत होते, तो न्हाणीघरात जाऊन वाचायचा आणि नळ सोडून ठेवायचा. मला काय, बहिरी समजतो.

कोपरातलं काहीतरी तुटलं, तुला पोरगा झाला त्याच महिन्यात. त्याने लपवलं, बर्फात ठेवून ठेवून आणखी खेळला. शेवटी हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा कळलं त्यांना. बोलावलं, दोन वाक्यं बोलले, तिकीट दिलं. हा विमानात बसायच्याऐवजी बसमध्ये बसला आणि माझ्या दारात. आता एका हॉटेलात भांडी घासतो. ताट उजव्या हाताने धरतो, डावा कोपरात सरळच होत नाही.

मी रोज शिव्या घालते. म्हटलं, "बाप झालायस, घरी जा." म्हणतो, "काय घेऊन जाऊ आत्या? बारा वर्षांचा होतो तेव्हापासून गल्लीने एकच गोष्ट शिकवली. ती गेली." म्हटलं, "गल्ली गेली खड्ड्यात, बायको आहे ना?" तर म्हणतो, "तिला डावऱ्याची बायको म्हणतात तिथे. मी गेलो की काय म्हणतील?"

पण तुझं शेवटचं पत्र मी स्वतः मोठ्याने वाचलं, त्याच्यासमोर. "मेला नाही ना" यावर तो उठला आणि बॅग काढली. मी मागे लागून तिकीट काढलं. येत्या दोन तारखेला शनिवारी येतोय. राजधानीतून बस धरील, तुमच्या कारखान्याच्या फाटकाशी चारच्या सुमाराला उतरेल.

एक ऐक. कोणाला सांगू नकोस. तू आणि पोरगा, बास. त्याला माणसं सोसायची नाहीत.

आत्या


कोन्सुएलो, ३ नोव्हेंबर १९९१

आत्याबाई,

तो उतरला नाही.

मी फक्त सिप्रियान काकांना सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण ते रोज माझ्याकडे बघायचे आणि काही विचारायचे नाहीत, मला ते सहन होईना. म्हटलं, "काका, शनिवारी येतोय. चारच्या बसने. हात गेला त्याचा." ते म्हणाले, "माहीत आहे गं हात गेला ते. नऊ डाव टाकले की हाताला चार दिवस विसावा लागतो, शनिवारी नऊ आणि सोमवारी नऊ जिवंत माणूस टाकत नाही. येतोय ना? मग झालं."

त्यांच्या तोंडून कसं फुटलं माहीत नाही. शनिवारी मी पोराला पिवळी टोपी घालून फाटकाशी गेले तर अख्खी गल्ली तिथे. ढोल, पत्र्याची घासून वाजवायची गुइरा, इस्त्रीचे शर्ट. मी म्हटलं, "हे काय काका? त्याला नको आहे हे." काका म्हणाले, "पोरी, जिंकून येणाऱ्याला विमानतळावर माणसं असतात. हा हरून येतोय, याला कोण आहे? आम्ही नको का?" खरंच वाटलं मला, की बरं झालं, एकटी नाही.

बस आली. ढोल सुरू झाला. पोरं ओरडायला लागली, "डावऱ्या! डावऱ्या!"

तो दारापाशी उभा होता आत्या. पिशवी उजव्या खांद्यावर. मी त्याचा चेहरा बघितला, त्याने माझा बघितला. मग त्याने ढोलाकडे बघितलं. आणि मागे सरकला. आत जाऊन बसला, तोंड दुसऱ्या खिडकीकडे. ड्रायव्हर ओरडला, "कोणी उतरणार आहे का?" बस हातो मायोरच्या दिशेने निघून गेली.

मी पोराला घेऊन पळाले मागे. किती पळणार, तो जड झालाय आता.

ढोलवाला अजून वाजवतच होता. त्याला दिसलंच नव्हतं.

न्युर्का


हातो मायोर, १९ नोव्हेंबर १९९१

न्युर्का,

मी संत्र्यांच्या बागेत आहे, गावाबाहेर. ट्रक भरतो. उजव्या हाताने जमतं.

उतरणारच होतो. आईची शपथ. पायरीवर पाय होता. तू दिसलीस आणि त्याची पिवळी टोपी दिसली. त्याचं डोकं एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं मला. तो ढोलाकडे बघत होता.

मग ढोल मला दिसला. अख्खी गल्ली नटून आलेली, मी जिंकून आलोय म्हणून. मीच लिहिलं होतं ना, सतरा जण, पुढच्या वर्षी वर नेतील. माझं खोटं वाजवत होते ते. खाली उतरून काय सांगणार होतो? हात वर करा म्हणाले असते, तर हात वर होत नाही माझा.

त्यांना सांग, बस चुकली. किंवा सांग, मोठ्या क्लबाने परत बोलावलं. तुला सुचेल ते सांग. तू सांगितलंस की मग बघतो.

त्याला माझा पापा दे. कुठल्या तोंडाने सांगतोय, मलाच कळत नाही.

एलिहिओ


कोन्सुएलो, १५ डिसेंबर १९९१

एलिहिओ,

कोणाला काही सांगायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं. तुझं ते ऑगस्टचं पत्र मी वाचलं त्या दिवसापासून माहीत होतं, फक्त मलाच माहीत नव्हतं.

तू ढोल बघितलास, ढोल कोणाच्या गळ्यात होता ते बघितलं नाहीस. बुएनाव्हेंतुराच्या गळ्यात. त्याला क्लबाने दोन महिन्यांत घरी पाठवलं होतं, तू तेव्हा रांगत होतास. गुइरा घासत होता तो ग्रेगोरियाचा दीर, त्याचा गुडघा गेला आणि त्याला कोणी घेतलंच नाही. इस्त्रीच्या शर्टातला एक एक जण आठव आणि सांग मला, कोण जिंकलंय या गल्लीत? परत आलेलीच माणसं आहेत सगळी. ती तुझ्यासारख्यालाच घ्यायला आली होती. तू जिंकून आला असतास तर कदाचित एवढी आली नसती.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ डोमिनोची एकच सोंगटी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "चूक आमची. त्याला माणसं नकोत ना? मग माणसं असणार नाहीत."

आता रोज काय होतं ऐक. तुझ्याकडून खाली येणारी बसही चारलाच येते. चार वाजत आले की काका दुकानाचं शटर खाली ओढतात. रेडिओ बंद. म्हातारे आत अंधारात बसून राहतात, सोंगट्यासुद्धा वाजू देत नाहीत. मग एकेक घर दार लावतं. पोरांना हाताला धरून आत ओढतात. बुएनाव्हेंतुराने कुत्रं घरात बांधायला सुरुवात केली. ग्रेगोरिया सगळ्यात शेवटी लावते. तिचं दार लागेपर्यंत ती माझ्याकडे बघत असते.

गल्लीत मी आणि विल्मेर, दुसरं कोणी नाही. तू उतरलास तर तुला बघणारं कोणी नाही. हात वर करा म्हणणारं कोणी नाही. फाटकापासून आपल्या घरापर्यंत चालत ये, मी काही विचारणार नाही. जेवायला वाढीन.

परवा बस थांबली आणि एक म्हातारी उतरली, दोन कोंबड्या घेऊन. सगळी दारं बंद बघून घाबरली बिचारी. म्हणाली, "अगं, गावात कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही आजी, एकजण यायचाय." ती म्हणाली, "मग दारं का लावलीत?" याचं उत्तर तू देशील का कधी तिला?

विल्मेर बसायला लागलाय. बस येते तेव्हा आवाजाने चाकांकडे बघतो, माणसांकडे बघत नाही.

बस निघून गेली की मी शटरवर थाप मारते. मग दारं उघडतात, रेडिओ लागतो, कोणी मला काही विचारत नाही. काका शटर वर करताना रोज नुसतं एवढं म्हणायचे, "उद्या."

काल त्यांनी शटर वर केलं आणि काही म्हटलं नाही.

न्युर्का